बूड नसलेलं शिंग

काखेतीत, आमच्या गावात, द्राक्षांची तोडणी संपली
की सोळा पुरुष एका टेबलाशी बसतात
आणि एकच बोलतो. त्याला तमादा म्हणतात.
एकतीस वर्षं तो माझा बाप होता, झुंबेर.
त्याच्या शब्दांवर माणसं रडायची, बांधाची भांडणं मिटवायची.

शब्द आई मळायची.
पिठात कोपरापर्यंत हात, आणि तो चौकटीला टेकून:
'मेलेल्यांसाठी काय म्हणू गं, त्सियाला?'
अक्रोड कुटता कुटता ती सांगायची.
त्याच्या बोलण्यात जो ठेका होता, तो उखळाचा.
हे कुणाला ठाऊक नव्हतं. मला होतं,
पण मी लसूण सोलत होते.

बायकांच्या नावाचा प्याला उभ्याने पितात.
सोळा खुर्च्या एकदम मागे सरकायच्या,
आत आम्ही तो आवाज ओळखायचो:
आता वांगी न्यायची.
'जिच्यावाचून घर नाही,' बाप सुरू करायचा.
थाळी घेऊन मी मागे उभी, वाट द्या, वाट द्या म्हणत,
आणि ते माझ्याकडे पाठ करून
माझ्याच नावाने डोळे पुसायचे.

मार्चमध्ये बापाच्या डोक्यात काहीतरी फुटलं.
उजवा हात गेला. शब्द गेले, तीन उरले:
'पाणी', 'नको',
आणि मी जन्मायच्या आधी मेलेल्या कुत्र्याचं नाव.
तरी ऑक्टोबरात त्यालाच मानाच्या खुर्चीत बसवलं.
तिसऱ्या प्याल्याला तो टेबल धरून उठला.
'ब्रोलिया,' म्हणाला. ओठ चावला. पुन्हा 'ब्रोलिया'.
सोळा जण आपापल्या ताटात बघू लागले.

दारात आई, हातात रश्श्याचं पातेलं.
'जिच्यावाचून घर नाही, असं म्हणतायत ते.
पुढचं मी सांगते.
जिच्यावाचून घर नाही,
तिला घरात बसायला खुर्च्या किती, तेवढ्या मोजा.'

कुणी मोजल्या नाहीत.
मग म्हातारा वाझा टेबलावर थाप मारून म्हणाला,
'वा झुंबेर! आजारपणातही काय बोललास!'
आणि सगळे प्यायले.

बापाने डाव्या हाताने शिंग उचललं,
पणजोबांचं, चांदीच्या कडेचं, काठोकाठ,
थोडं सांडवत आईपुढे धरलं.
तिने पातेलं वाझाच्या हातात दिलं
आणि शिंग घेतलं.

शिंगाला बूड नसतं.
रिकामं झाल्याशिवाय खाली ठेवता येत नाही.
आणि आई सावकाश पिणारी.
एक घोट. मग तिच्या धाकट्या बहिणीची गोष्ट,
जिचं नाव या टेबलावर कधी निघालं नव्हतं.
एक घोट. मग ज्या साली गारा पडल्या, ते साल.
'दे वहिनी, मी संपवतो,' ओतारने हात पुढे केला.
'नको,' बाप म्हणाला.
इतकं स्वच्छ त्याने मार्चपासून काही म्हटलं नव्हतं.

आत भट्टीत चीज भरलेली भाकर करपायला लागली.
मी उठले. आईने नुसतं पाहिलं.
मी बसले. खुर्ची कुणाची, विचारलं नाही.
वाझा पातेलं धरून तसाच उभा,
ते कुठे ठेवतात त्याला माहीत नव्हतं.

वास दाट झाला. कुणीतरी उठलं, आत गेलं.
आम्ही बाहेरून ऐकत होतो:
झाकण पडलं, शिवी, खण उघडल्याचा आवाज, अजून एक खण.
मग हाक आली,
'अहो, फडकं कुठे असतं?'

आई पुढचा घोट घेत होती.