जावक क्रमांक

आधी जब्बार मेकॅनिक म्हणाला,
"साहेब, वायरिंग खल्लास. उंदराचं काम हाय."
बॉनेट एका हातानं धरून तो उभा,
डॉक्टर चादर उचलून उभा राहतो तसा.
सहा महिने मारुती शटरआड होती.
मला तरी कुठं जायचं होतं?

अंबड चौफुलीवर एकानं सांगितलं, तंबाखूची पानं ठेवा.
दुसऱ्यानं सांगितलं, डांबरगोळ्या.
दोन्ही ठेवलं.
गॅरेजला जुन्या ट्रंकेचा वास आला,
आणि त्या रात्री त्यानं
गिअरची रबरी टोपी खाल्ली.

बियाण्याच्या धंद्यात माझी चौतीस वर्षं गेली.
फळीवर अजून नमुन्याच्या पिशव्या आहेत.
गुलाबी औषध चोळलेल्या सरकीला त्यानं तोंड लावलं नाही.
बिनऔषधाची बाजरी मात्र अशी सोलली
की आमच्या लॅबमधल्या पोरींनाही जमलं नसतं.
उगवणक्षमता : शून्य टक्के.
सवयीनं मी मनातल्या मनात नोंदवलं.

कुशावर्ता म्हणाली,
"कामून इतका इचार करू राहिले?
पुडी आणा ना. दहा रुपयाला मिळती."
पुडी खाऊन तो कोणत्या कोपऱ्यात मरेल
ते वासावरून शोधायला माझे गुडघे लागतील,
असं मी म्हणालो नाही. म्हणालो, बघू.

शेजारच्या रुस्तुमराव तौरांनी पिंजरा दिला,
सोबत चहा आणि कृती :
सापडला की पिंजरा बादलीत. वर वीट.
पाच मिनिटं.
बिस्कीट बुडवून दाखवलं त्यांनी.
जास्त बुडालं, तुटलं,
मग चमचा मागवला.

ज्वारीच्या भाकरीचा तुकडा, वर करडईचं तेल.
दोन रात्री तो जेवून गेला.
तिसऱ्या रात्री, खट्.

सकाळी स्टेपनीमागं त्याचं घर सापडलं.
खोक्यात माझे अर्ज होते, ग्रॅच्युइटीचे,
अकरा, कार्बन कॉपीसह.
त्यानं त्यांचा कापूस केला होता.
वाचता येत होतं एवढंच :
"सविनय", "सदर", एका चिटोऱ्यावर "तरी",
आणि माझी अर्धी सही, शेपटाकडून.
हात घातला तर खोलगट, ऊबदार.
चार वर्षांत पहिल्यांदाच
कुणीतरी ते शेवटच्या पानापर्यंत हाताळले होते.

स्कूटरवर पायांमध्ये पिंजरा, वर गोणपाट.
भोकरदन रोडनं कंपनीच्या गोडाऊनपर्यंत.
गेटवर मुनीर. तोच स्टूल, तीच काठी.
"साहेब, मिळाली का?"
"नाही. द्यायला आलोय."
गोणपाट उचललं.
मुनीरनं पिंजऱ्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं,
मग वर खांबाकडं.
"इथं नका. कॅमेरा हाय.
मागं चला. तिथली नाली थेट गोडाऊनात जाती."

दोघं उकिडवे बसलो.
मी दार उघडलं. तो हलेना.
मुनीर म्हणाला, "बाहेर ये बाबा, ड्युटी हाय मला."
मिशा आधी आल्या, मग तो.
नालीचा वास घेतला, भिंतीचा घेतला,
माझ्या चपलेचा जरा जास्तच,
आणि सरळ उलटा पळाला,
रस्ता ओलांडून, तुरीत.

बराच वेळ आम्ही तुरीकडं बघत बसलो.
उठताना मुनीरनं मला हात दिला,
मग मी त्याला.

पिंजरा धुऊन परत केला.
रुस्तुमरावांनी विचारलं, किती मिनिटं लागली?
मी म्हणालो, येऊन-जाऊन दीड तास.

रात्री बारावा अर्ज लिहायला घेतला.
प्रति. विषय. तारीख.
जावक क्रमांकाच्या जागेवर पेन थांबलं :
गॅरेजात काहीतरी खुडबुडलं.
कुशावर्ता झोपेतच म्हणाली,
"वारा हाय."
मी दिवा घालवला नाही.
कार्बन नीट सरळ केला.