सात हजार आठशे चाळीस

आडेनाऊला, नेलेसच्या गॅरेजात, दोघी उभ्या होत्या
वाटणीनंतरच्या बहिणींसारख्या, एकमेकींकडे न बघता.
थोरली करडी, वीस वर्षांची,
दाराखाली मसुरीच्या दाण्याएवढा गंज.
धाकटी निळी, सीटला अजून कारखान्याचा वास.
किंमत जवळजवळ सारखी.
"जुन्या महाग होत चालल्यात," नेलेस म्हणाला,
"असं इंजिन आता परत कोणी बनवणार नाही."
विकणारा माणूस म्हणतो तेव्हाही
कधीकधी ते खरं असतं.

मी पियानो सुरात लावतो. अडतीस वर्षं.
शाळांचे, चर्चच्या तळघरांतले,
नवऱ्यांनी हौसेने घेतलेले आणि बायकांनी कधीच न वाजवलेले.
ग्रीसने हात काळे करणारा मी नव्हे.
पण डोंगरापलीकडच्या रेस ट्रॅकचा आवाज
लहानपणी आमच्या वाळत घातलेल्या चादरींवर येऊन बसायचा
आणि आई म्हणायची, रविवार आहे वाटतं.

आधी धाकटी.
होहे आख्टच्या चढावर, तिसऱ्या गिअरमध्ये,
पाय नुसता टेकवला
आणि कुणीतरी रस्ता खालून चटईसारखा ओढला.
खोटं कशाला बोलू, मी हसलो.
नेलेसने समजावलं होतं: इंजिनाने टाकलेला धूर
वाया जाऊ देत नाहीत, त्यावर एक भिंगरी फिरते,
ती त्याच इंजिनाच्या छातीत हवा कोंबते.
आपल्याच उच्छ्वासावर धावायचं.
मला आई आठवली, युद्धानंतरचे हिवाळे काढलेली,
हाडं दोनदा उकळणारी,
स्वेटर उसवून मोजे विणणारी.
तिने हीच घेतली असती.

"शिट्टी ऐकू येते?" शेजारून योरिंडा म्हणाली.
माझ्याकडे शिकते, तेवीस वर्षांची.
"भिंगरीची. बारीक, खूप वर. किती गोड आहे!"
मी मान डोलावली.

जानेवारीत कानाच्या डॉक्टरने कागदावर रेघ दाखवली होती.
उजवीकडे, जिथे बारीक आवाज राहतात,
ती पाय घसरल्यासारखी खाली गेली होती.
योरिंडाला सांगितलेलं नाही.
अगदी वरच्या पट्ट्या हल्ली तिलाच लावायला देतो,
म्हणतो, तेवढाच सराव.

मग थोरली.
तीन हजारांपर्यंत हिच्यात काहीच नाही.
चारपर्यंत जुन्या कारकुनासारखी खाकरते,
बघू, करू, कागद कुठे आहेत.
मागून एका डिलिव्हरी व्हॅनने दिवे मारले.
पाच. पाय खाली. सहा.
आता आमच्या दोघांमध्ये कोणी नव्हतं,
मागत होतो तेवढंच मिळत होतं, मागितल्या क्षणी,
सात, आवाज पसरत नव्हता, उभा राहत होता,
आणि काटा सात हजार आठशे चाळीसवर आला तेव्हा,
सहा सिलिंडर, हिशेब मी रात्रीच करून ठेवला होता,
पियानोच्या मधल्या 'सी'पासून मोजला तर
पंचम लागला.
किंचित उतरलेला. मी तसाच राहू दिला असता.

तो पंचम मला अख्खा ऐकू आला.
त्याच्यावर आणखी काय झिलई होती, ठाऊक नाही.
योरिंडाकडे पाहिलं.
तिने डोळे मिटून घेतले होते,
काही म्हणाली नाही, विचारलं नाही.

उतारावर ब्रेक थोडे डावीकडे ओढत होते.
गंजावरून मी तीनशे युरो घासाघीस केली, दीडशे सुटले.
हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ असतं, ही बाहेर काढता येणार नाही,
पेट्रोल पिते, पार्ट मिळत नाहीत,
सगळं त्यानेच सांगितलं, सही झाल्यावर.

घरी जाताना गाडी योरिंडाला दिली.
"निळी जास्त पळत होती," ती म्हणाली.
"हो," मी म्हणालो. "पण तिची शिट्टी मला ऐकू आली नाही."
ती गिअर बदलायची विसरली.
बराच वेळ आम्ही दुसऱ्यातच जात राहिलो.