फक्की

नगरपालिकेच्या पत्रात लिहिलं होतं:
बहुउद्देशीय सभागृह, आसनं तीनशे,
वातानुकूलित, मागे पार्किंग.
बागेचा उल्लेख एकदाच, पत्त्यात.

मी टेप घेऊन गेले भर दुपारी.
म्हापशाचा शुक्रवार उतरणीला लागलेला,
विकून झालेल्या टोपल्या
बँडस्टँडच्या पायरीवर पालथ्या.
पोर्तुगीज काळातलं त्याचं छत
पापुद्र्या-पापुद्र्याने सुटत चाललेलं.
कारंज्यात पाणी नाही,
कुणाची तरी एक चप्पल.

बोस्त्यांव माळ्याने टेपचं दुसरं टोक धरलं
न सांगता.
मी आकडे लिहीत होते, तो माणसं सांगत होता:
इथे शिवोलीची सुंदरीमाय बसते, बस चुकली की.
इथे नर्सिंगच्या मुली डबा खातात.
इथे दोघे म्हातारे, कोर्टात भावाभावांची केस,
एकाच बाकाची दोन टोकं.
"आणि ही एवढी जागा?"
"ही कोणाचीच न्हय, बाय. हांगा वोत."

मग मी इमारत तिथेच ठेवली.
उन्हात.

घरी येऊन तीनशे आसनं खोडली.
चिऱ्याची एक लांब भिंत काढली, गुडघ्याइतकी,
म्हणजे बाकच;
वर नळ्यांचं छप्पर, पार बँडस्टँडपर्यंत खाली येणारं.
कुलपाची खोली एक:
खुर्च्या, पेटी-तबला, बोस्त्यांवची कात्री.
आणि कडी लागणारी न्हाणी, दोन नळ,
कारण सुंदरीमाय म्हणाली होती,
बाजाराच्या दिवशी ती
सकाळपासून पाणी पीत नाही.

इंजिनियर कुंकळ्येकरांनी नकाशा उलटा धरला, सुलटा धरला.
"मॅडम, यात इमारत कुठे आहे?"
मी बोट ठेवलं.
खरं तर मलाही ती
धड दिसत नव्हती अजून.

दोन बैठका, एक आक्षेप, अर्धा निधी.
मग एका सकाळी फक्की मारली.
लाल मातीवर पांढऱ्या रेघा,
दारापुरती चार फूट जागा सोडलेली.

संध्याकाळी खुंट्या तपासायला गेले
तर सुंदरीमाय येत होती, डोक्यावर टोपली.
रेघ कुठूनही ओलांडता आली असती.
ती वळसा घालून
दारातून आत आली,
टोपली उतरवली, टेकली.
पश्चिमेचं ऊन थेट तोंडावर.
पदर कपाळावर ओढून मला म्हणाली,
"बरें आसा गो.
छप्पर केन्ना घालतली?"