घट

पैसे हलता कामा नयेत, बँकेतला मुलगा म्हणाला,
अठ्ठावीस दिवस.
एक रुपयाही खाली नाही.
अण्णांनी मान डोलावली.
तीस वर्षं तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात
माप धरलेल्या माणसाला
काटा स्थिर राहण्याचं महत्त्व
कुणी सांगायला नको.

त्या रकमेत कोण कोण आहे, मला पाठ आहे.
हिंदुरावमामांची गाळ्याची अनामत.
इंदूआत्याच्या पाटल्या, म्हणजे आता त्यांची पावती.
पतपेढीचं कर्ज, ज्याला जामीन राहायला
शेजारचे साळुंखे पाळी संपवून थेट आले,
सही करतानाही हाताला लसणाचा वास.
सगळे एका आकड्यात बसलेत
लग्नाच्या ग्रुप फोटोत बसतात तसे,
श्वास रोखून.

कोपरखैरण्याच्या आमच्या खोलीत
तेव्हापासून सगळेच हळू बोलतात.
आई कॅलेंडरवर, दुधाच्या खाड्यांशेजारी,
रोज एक फुली मारते.
फ्रीज बिघडला.
राहू दे, म्हणाली.

रात्री मी निबंध लिहिते.
हा विषय तुम्हाला का शिकायचा आहे, पाचशे शब्दांत.
अन्नाची साठवणूक.
लहानपणापासून मला या विषयाची ओढ आहे, असं लिहिलं.
खोडलं.
ओढ कसली.
अण्णांच्या बनियनला सडक्या बटाट्याचा वास यायचा,
ट्रकमधल्या खालच्या थराच्या गोण्यांना पाणी सुटायचं
आणि त्या फेकायचीही मजुरी मिळायची,
एवढंच मला माहीत होतं.
तेच इंग्रजीत लिहिलं
तर वाक्य फार नीटनेटकं होतं.
वास जातो.

फॉर्मवर नावाला दोनच चौकटी.
पासपोर्टवर अण्णा माझ्या नावात,
मार्कशीटवर शेवटी आई, कलावती.
लीड्सहून फोनवर बाई फार गोड आवाजात म्हणाली,
या दोन कागदांवर दोन वेगळ्या व्यक्ती आहेत का?
नाही, मी म्हटलं, तीन.
ती थांबली. मीही थांबले.
मग वाशीत नोटरीकडे जाऊन
मी मीच आहे
असं स्टॅम्पपेपरवर लिहून घेतलं.

तेविसाव्या दिवशी
अण्णांच्या आयुर्विम्याचा हप्ता आपोआप गेला.
चारशे छत्तीस रुपये.
रक्कम नेमकी भरली होती, वर काही ठेवलंच नव्हतं.
काटा खाली.
पुन्हा पहिला दिवस.

मेलो असतो तर दोन लाख आले असते, अण्णा म्हणाले,
आणि कुणीच हसलं नाही म्हणून
स्वतःच थोडं हसले.

मामांची अनामत एक तारखेला परत द्यायची होती.
आम्ही दोघं गेलो.
अण्णांना मागता येत नाही.
चहा झाला. भावाचं बोलणं झालं,
आवक किती, निर्यात कधी उघडणार,
मामांच्या गुडघ्याचं ऑपरेशन.
अण्णा उठले, चपला घातल्या,
एक चपल उलटीच पायात घालून उभे राहिले.
तेव्हा मामाच म्हणाले, अजून किती दिवस?
अठ्ठावीस.
मामांनी माझ्याकडे पाहिलं.
चाळीत कांदा आपण पाच महिने ठेवतो, म्हणाले,
पैसा राहील की महिनाभर.
गुडघ्याचं काय, हे मी विचारायला हवं होतं.
विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी खात्यात हजार रुपये जास्त भरले.
कुठून आणले, सांगितलं नाही.
घट धरायची असते, म्हणाले,
जन्मभर दुसऱ्यांच्या मालावर धरली
आणि इथे मीच विसरलो.

आईने जुन्या फुल्या खोडल्या नाहीत.
त्यांच्याखाली नवी ओळ सुरू केली.
त्या दिवशी दूध आलं नव्हतं,
तोही खाडा लिहिला.