निळसर

मांजरसुंब्याचा घाट अर्धा चढून
गाडीनं मान टाकली.
आधी दम तुटला, मग ॲक्सिलेटर पार पत्र्याला टेकवला तरी
नुसतं फुस्स.
पाठीवर जालन्याची सळई, सोळा टन.
बिभीषण उस्ताद म्हणाला, "लहू, दगड लाव."
मी मागच्या दोन्ही चाकांना दगड लावले
आणि तिसरा उगाच हातात धरून उभा राहिलो.

लतीफ मिस्त्री लुनावर आला.
मागं गोणपाटात पाने: तेरा, सतरा,
एक नंबर झिजून गेलेला,
आणि नवा फिल्टर, भाकरीच्या फडक्याला लागून.
"एअर नाही," म्हणाला, "हिचं नरडं धरलंय कुणीतरी."

जुना फिल्टर हाताला येईना.
सायकलची ट्यूब गुंडाळून पिळला, तरी नाही.
मग त्यानं पेचकस ठोकला आरपार
आणि वेसण ओढून हेकट बैल वळवावा
तसा वळवला.
डिझेल त्याच्या कोपरापर्यंत उतरलं.
"डबा धर, पोरा."

आधी काळं पडलं,
मग गंजाचा रवा,
मग पाण्याचे मणी, तळाशी पळापळ करणारे,
आणि कडेला, बॅटरीच्या उजेडात,
निळसर.

रेशनचं रॉकेल निळं असायचं तेव्हा.
गेवराईच्या अलीकडं एका हॉटेलामागं,
उस्ताद आत जेवत असताना,
मी टाकीत नळी सोडली होती.
वीस लिटर दिलं काढून.
काटा खाली दिसू नये म्हणून
त्याच माणसाच्या पिंपातलं काय होतं ते
ओतून घेतलं.
वास आला होता.
मी तोंड फिरवलं होतं.

लतीफनं डबा हलवला. बोट बुडवून अंगठ्यावर चोळलं,
नाकाशी नेलं.
बॅटरी माझ्या हातात. उजेड हलायला लागला.
"काय निघालं?" उस्ताद वरून, कॅबिनमधून.
एक एसटी घरघरत उतरली,
तिचा झोत आम्हा तिघांवरून गेला.
"पाणी," लतीफ म्हणाला.
"पंपाची टाकी तळाला गेली असंल."
आणि डबा दरीकडं उपडा केला.

टाकीचा खालचा बोल्ट सैल करून
उरलेली घाण मातीत जाऊ दिली. बोलला नाही.
कॅनमधलं स्वच्छ डिझेल टाकीत गेलं,
नवा फिल्टर गळ्यापर्यंत भरला,
रबरी कड्याला बोटानं डिझेल लावलं,
तान्ह्याच्या टाळूला तेल लावतात तितकंच.
पाना पुढं केला तर नको म्हणाला.
"कुठं थांबायचं ते हाताला कळतं."

मग मला हातपंपावर बसवलं. "मार."
वरच्या स्क्रूतून फेस.
"मार."
फेस.
शंभर झाले असतील, दोनशे झाले असतील,
अंगठ्याचं कातडं सोललं.
"फेस हाय तवर हवा हाय. मार."
मग एका दाबाला
बुडबुड्याविना सरळ धार आली,
कोऱ्या चहासारखी.
त्यानं स्क्रू आवळला. उस्तादनं चावी फिरवली.
गाडी खोकली, धूर ओकली,
दुसऱ्या खेपेला धरली.

लतीफ हात पुसत होता, माझ्याकडं न बघता.
"पँट नवी दिसायली," म्हणाला.
"निळी. जपून घाल.
डिझेलचा डाग निघत नसतो."
मग उताराला लुना सोडून दिली,
इंजिन बंदच ठेवून, पेट्रोल वाचवत.

आता गाडी माझी आहे, हप्ते चालू आहेत.
फिल्टरात पाणी आलं की समोर दिवा लागतो.
रेशनला रॉकेल येत नाही, किती वर्षं झाली.
तरी जुना फिल्टर उतरवला की
आधी डबा तिरका धरतो
उजेडाकडं.