एक्केचाळिसाव्या मिनिटाला

तेल कोमट झालं की मी बटण दाबते.
अठ्ठावन्न मिनिटं तिबेटी बासरी,
मग क्षणभर काहीच नाही,
मग पुन्हा तीच.
दिवसातून सात वेळा. गुरुवारी नऊ.

बाहेर मनामाचा ऑगस्ट.
दार उघडताच चष्म्यावर वाफ धरते,
खाली गाड्या धुणारे बांगलादेशी
पाण्याच्या पाइपानं आधी स्वतःची डोकी भिजवतात.
आत मात्र हिमालय, वीस अंशांवर.
भिंतीवरच्या शिखराचा एक कोपरा सुटलाय.
मी त्याला जखमेची पट्टी चिकटवली आहे.

माणसं पाठी घेऊन येतात.
बँकेतली पाठ, रिफायनरीतली पाठ,
उम्म हुमूदचा उजवा खांदा,
नवरा गेल्यापासून वर चढून बसलेला
जणू हाक येईल आणि लगेच उठावं लागेल.
बासरी लागते, आणि वीस मिनिटांत
तो खांदा खाली येतो. हे मी हातांनी पाहिलंय.
कसं होतं, मला विचारू नका.

मला स्वतःला तिचा काडीचा उपयोग नाही.
मी इचलकरंजीची.
मागांच्या खटखटीत पाळणा हलला माझा.
वीज गेली की आमची गल्ली दचकून जागी व्हायची,
वीज आली की बाप म्हणायचा, झोपा आता.
इथे रात्री खोलीत इतकी शांतता असते
की स्वतःच्या पापण्या ऐकू येतात.

या सगळ्या बासरीत माझी एकच जागा.
एक्केचाळिसाव्या मिनिटाला
वाजवणारा श्वास घेतो.
घाईचा, थोडा घशात अडकलेला,
कुणीतरी कापायचा विसरलेला.
मी तिथवर हात मोजून नेते.

यांगझोम आली तेव्हा मालकीण खूश.
खरी तिबेटी! तिला पट्ट्यांचा एप्रन दिला,
दारात उभं केलं.
पहिल्याच दुपारी टॉवेल घडी करताना
ती मला म्हणाली,
"तू इचलकरंजीची नं? मी गोंदियाकडची वं.
आमची वसाहत आहे तिकडं, धानाच्या बांध्यांमधी.
बरफ? बरफ म्या फ्रिजमधलाच पाह्यला.
थंडीत नागपूरले स्वेटर विकाले जावो आम्ही."

मी विचारलं, आणि ही बासरी? ध्यानाची?
ती हसली, टॉवेल तोंडावर धरून,
आत उम्म हुमूद होती म्हणून.
"कायचं ध्यान! गोम्पात वेगळी वाद्यं राह्यते.
बासरी गुराख्याची.
माहा आजा याक हाकलाले वाजवे, तिकडं, डोंगरात.
इकडं आल्यावर म्हशींले वाजवून पाह्यली त्यानं."
मग?
"मग काय. म्हशी कायच्या येतेत!
पण तो वाजवे. रोज संध्याकाळी,
बांधावर बसून, येईल कोणी म्हणून."

आत श्वास आला.
आम्ही दोघी गप्प झालो.

त्यानंतर मी ती ध्यानाची म्हणून ऐकली नाही.
हाकच ती.
उम्म हुमूदचा खांदा उतरतो
कारण अखेर कुणीतरी तिलाच बोलावतंय
आणि तिनं उठायची गरज नाही.
असेल. नसेलही.

काल कपडे वाळवायच्या यंत्राचं बेअरिंग गेलं.
मागच्या अरुंद खोलीत ते
खट्खट्, खट्, खट्खट्,
ओल्या टॉवेलांना आपटत राहिलं.
मिस्त्री उद्या येणार होता.
मी नुसती टेकले,
गरम पत्र्याला पाठ लावून,
पाच मिनिटं म्हणून.

जाग आली ती खांद्यावरच्या हातानं.
आतून बासरी येत होती, कितव्या मिनिटाची कोण जाणे.
तोंडाला लाळ, गालावर पत्र्याचे वळ.
यांगझोम वाकून सांगत होती,
"ऊठ वं बाई. चारची बाई येऊन रायली.
म्या दोनदा हाक देल्ली,
तुले आयकूच नाही गेली."