बर्नलीत, नमदे टांगताना

आधी एक टाळी वाजवली मी.
ती छताला लागली, काचांवर आपटली,
लोखंडी खांबांना शिवून आली
आणि अडीच सेकंदांनी विझली.
वहीत लिहिलं : अडीच.

ही जुनी विणकाम-शेड, आता म्हाताऱ्यांचं जेवणघर.
मागांचा खडखडाट बंद होऊन चाळीस वर्षं झाली,
पण भिंतींची सवय मोडली नव्हती;
एक चमचा पडला तरी दहा पडायचे.

तीन दिवस शिडीवर होतो.
राखाडी लोकरीचे नमदे, हात-हात अंतरावर,
वाळत घातलेल्या घोंगड्यांसारखे.
खाली डोरीन हॅलस्टेड, वय सत्त्याऐंशी,
समोरच्यांचे ओठ वाचत जेवायची.
ही विद्या मागावरचीच.

चौथ्या दिवशी पुन्हा टाळी.
ती तळव्यातच राहिली.

बटाटे, मटार, ग्रेव्ही.
प्रत्येक काट्याचा आवाज आता त्याचा त्याचा.
डोरीनने कानामागचं यंत्र चाचपलं,
शेजारच्या नॉर्माकडे वळली :
"घास घेताना तू गुणगुणतेस?
इतकी वर्षं?"

नॉर्मा लाजली, गप्प झाली.
"अगं, थांबू नकोस," डोरीन म्हणाली.

मी शिडी मिटली.
बिजागरी करकरली,
आणि सगळ्या टेबलांनी
वळून माझ्याकडे पाहिलं.